पदकाची नोंद कुठे हरवते?

मे महिन्याच्या सुट्टीत मी आदिलाबादला घरी होते. आमच्या गल्लीच्या टोकाशी एक माजी सैनिक राहतात. वय एक्क्याऐंशी. नाव छापू नको असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून गल्लीत सगळे म्हणतात तसं मीही इथे त्यांना फौजी आजोबाच म्हणते. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाई, तू कॉलेजात इंग्रजी शिकते ना? मंग हे वाचून सांग मले."

हातात त्यांचं डिस्चार्ज बुक होतं. सैन्यातून निवृत्त होताना प्रत्येक जवानाला हे छोटं पुस्तक मिळतं. त्यात त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, किती वर्षं नोकरी झाली, वर्तणूक कशी होती, असं सगळं लिहिलेलं असतं. एक रकाना पदकांचाही असतो. आजोबांच्या पुस्तकात त्या रकान्यात दोनच नावं होती : रक्षा मेडल १९६५ आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. पुढची जागा कोरी.

"दोनच हायत ना?" ते म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत मी सरहद्दीवर होतो. थे कुठी लिवलं हाय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथून पुढचे सात महिने मी या एका रकान्याच्या मागे होते. त्यात जे शिकले ते इथे मांडतेय. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्यातल्या किती जणांच्या घरी आजोबांची किंवा पणजोबांची एखादी फौजी पेटी आहे, हे मला आपल्याच वर्गात विचारल्यावर कळलं. आणि बहुतेकांना तिच्यातल्या कागदांचा अर्थ माहीत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण सगळ्याच बिल्ल्यांना 'पदक' म्हणतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या आहेत आणि नोंद हरवण्याची कारणंही त्याप्रमाणे बदलतात. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. ती एका माणसाला, एका कृत्यासाठी, शिफारस मंजूर झाल्यावर मिळतात आणि भारताच्या राजपत्रात नावानिशी छापली जातात. याउलट पश्चिमी स्टार, पूर्वी स्टार, समर सेवा स्टार ही मोहिमेची पदकं. तिथे शौर्य कुणी विचारत नाही. ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात तुम्ही होतात का, एवढाच प्रश्न. संग्राम मेडल तर १९७१च्या युद्धाच्या काळात दलात असलेल्यांसाठी होतं, मग तो जवान सीमेवर असो की मागच्या एखाद्या डेपोत. शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं, आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या, पन्नासाव्या वर्षासारखी प्रसंगाची पदकं.

म्हणजे आजोबा १९६३ला भरती झाले आणि १९७८ला पेन्शनवर आले, एवढं जरी धरलं तरी संग्राम मेडल त्यांचं असायलाच हवं होतं. त्यासाठी साक्षीदाराची गरज नाही, कॅलेंडर पुरेसं आहे. हे मला समजलं तेव्हा खरं सांगायचं तर थोडा राग आला. पन्नास वर्षांत कुणी हा साधा हिशेब केला नव्हता. मग वाटलं, करणार कोण? पुस्तक इंग्रजीत, आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि ट्रंकेला कुलूप.

नोंद होते कशी

फौजेत तुमच्या आयुष्यात जे काही घडतं ते 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये येतं. लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, कोर्स पास झाला, पदक लागू झालं, की तुमची युनिट तसा आदेश काढते. तो रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथला कारकून तुमच्या मूळ सेवापत्रात, ज्याला जवान 'शीट रोल' म्हणतात, त्यात ती ओळ चढवतो. डिस्चार्ज बुक हे या मूळ कागदाचं शेवटी काढलेलं सार. म्हणजे नोंद तीन ठिकाणी हरवू शकते : युनिटने आदेशच काढला नाही, आदेश निघाला पण शीट रोलवर चढला नाही, किंवा शीट रोलवर आहे पण डिस्चार्ज बुकात उतरवायचा राहिला. तिन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी कुठे हरवली ते शोधावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात आणि थेट 'मला पदक मिळालं नाही' अशी तक्रार करतात.

युद्धाच्या पदकांत आणखी एक गुंता असतो. युद्ध संपतं, त्यानंतर पदक स्थापन होतं, मग पात्र लोकांच्या याद्या बनतात. तेवढ्या वेळात जवानाची बदली झालेली असते. आजोबांचं हेच झालं असावं. १९७२च्या सुरुवातीला ते एका युनिटमधून दुसरीत गेले. जुनी म्हणणार, माणूस आता आमच्याकडे नाही. नवी म्हणणार, लढाईत तो आमच्याकडे नव्हता.

पदक घटनेच्या नंतर जन्माला येतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. आदिलाबाद तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा. १३ सप्टेंबरला, कारवाईच्या पहिल्याच दिवशी, नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग मारले गेले. त्याच मोहिमेत तुंगभद्रेच्या रेल्वे पुलावर गोरखा रायफल्सचे नाईक नरबहादूर थापा यांनी एक मशीनगनचा मोर्चा मोडला. दोघांनाही अशोक चक्र मिळालं. पण १९४८मध्ये अशोक चक्र अस्तित्वातच नव्हतं! ते ४ जानेवारी १९५२ला स्थापन झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू मानलं गेलं. परमवीर चक्राचंही तसंच, स्थापना २६ जानेवारी १९५०, अंमल १५ ऑगस्ट १९४७पासून. (परमवीर चक्राचा नमुना सावित्रीबाई खानोलकरांनी काढला. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी. हा विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

तेव्हा १९४८चा कागद उघडला तर त्यात पदक दिसणार नाही आणि तरीही तो कागद खोटा नाही. लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता, अपुरा नंतर ठरला. दुरुस्तीचा अर्ज करताना हा फरक मनात ठेवला तर भाषा बदलते. 'तुमची चूक झाली' असं न लिहिता 'ही नोंद पुढे चढवायची राहिली आहे' असं लिहिता येतं. माझा अनुभव असा की दुसऱ्या वाक्याला उत्तर लवकर येतं.

नावंही बदलतात. १९६७पर्यंत 'अशोक चक्र वर्ग तीन' म्हणत ते आज 'शौर्य चक्र' आहे आणि 'वर्ग दोन' म्हणजे 'कीर्ती चक्र'. घरी जुनं प्रमाणपत्र असेल आणि नवी यादी तपासत असाल तर नाव सापडणार नाही, कारण तुम्ही चुकीच्या नावाने शोधताय.

नाव, गाव, जिल्हा

आमच्या जिल्ह्यात याहून मोठी अडचण माणसाच्या नावाची आहे. मराठी माणूस स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव लिहितो. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी, तेही बहुतेक वेळा एका अक्षरात. भरतीच्या वेळी कारकून कोण होता, यावर तुमचं फौजेतलं नाव ठरलं. आजोबांचं आडनाव फौजेत शेवटी आहे, आधार कार्डावर पुढे आहे, आणि रेशन कार्डावर नुसतं पहिलं अक्षर आहे. वर इंग्रजी स्पेलिंग. 'मराठा' हा शब्दसुद्धा इंग्रजांच्या काळात रेजिमेंटच्या नावात 'महरट्टा' असा लिहिला जायचा, मग आपल्या आडनावांचं काय झालं असेल याची कल्पना करा. म्हणून फौजेशी बोलताना नावापेक्षा आर्मी नंबर महत्त्वाचा. नंबर पाठ असेल तर निम्मं काम झालं. आजोबांना स्वतःच्या नातवाचा फोन नंबर आठवत नाही, पण आर्मी नंबर झोपेतही सांगतील.

गावाचीही तीच तऱ्हा. किनवट आणि राजुरा हे १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होते. मग किनवट नांदेडला गेलं आणि राजुरा चांद्याला. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात आला, २ जून २०१४ला तेलंगणात आला, आणि ११ ऑक्टोबर २०१६ला त्याचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. म्हणजे न हलता एकाच घरात राहिलेल्या माणसाचा पत्ता तीनदा बदलू शकतो. आजोबांच्या शीट रोलवर राज्य 'आंध्र प्रदेश' असणार, हे अर्जात आधीच लिहून टाकलेलं बरं.

रेजिमेंटचं नावसुद्धा फसवतं. माझ्या एका मैत्रिणीच्या पणजोबांबद्दल घरात सांगतात की ते 'हैदराबाद रेजिमेंट'मध्ये होते. घरचे समजत होते ती निजामाची फौज. निजामाची स्वतःची संस्थानी फौज वेगळी होती. 'एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट' ही ब्रिटिश भारतीय सैन्याची, आणि ऑक्टोबर १९४५मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं. तिचं रेकॉर्ड ऑफिस हिमालयात, राणीखेतला. हैदराबादमध्ये कितीही शोधलं असतं तरी काही मिळालं नसतं.

अर्ज कुणाकडे

जवान आणि जेसीओ यांचे कागद त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, दिल्लीत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहमदनगरला म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, इएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे कागद मात्र दिल्लीत सेना मुख्यालयात.

अर्ज साधा असतो. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, कोणत्या काळात कोणती युनिट, कोणतं पदक राहिलंय आणि ते आपल्याला का लागू होतं. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि ओळखपत्राच्या प्रती. जवान हयात नसेल तर कागदोपत्री वारस असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर शिक्का बसतो आणि तिथले लोक चुका आधीच दाखवतात. तिथे बसणारे स्वतः माजी सैनिकच असतात. त्यांनी आजोबांचं डिस्चार्ज बुक माझ्यापेक्षा दहापट वेगाने वाचलं.

एक सावधगिरी. हल्ली पेन्शनची सगळी कामं 'स्पर्श' या प्रणालीवर होतात, त्यामुळे लोकांना वाटतं पदकाची दुरुस्तीही तिथेच होईल. होत नाही. स्पर्श हा पेन्शनचा हिशेब आहे. बायकोच्या नावातली चूकसुद्धा आधी रेकॉर्ड ऑफिसात सुधारावी लागते.

नोंद नेमकी कुठे हरवली हे कळण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज कामाला येतो. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. 'फौजेला हा कायदा लागू नाही' असं मला दोघांनी ठामपणे सांगितलं. ते चूक आहे. २००५च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बीएसएफ, सीआरपीएफ, आसाम रायफल्स अशी दलं वगळली आहेत. भूदल, नौदल, हवाई दल त्या यादीत नाहीत. आपल्याच शीट रोलची प्रत मागण्यात गैर काही नाही. मात्र 'पदक का दिलं नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण हा कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. 'शीट रोलमधल्या पदकांच्या नोंदीची प्रत द्यावी' असं मागावं.

घरी खरं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मोहिमेची पदकं नाव न कोरता मिळाली, पण भारतीय सैन्याला दिलेल्या पदकांवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असे. ती कोरलेली ओळ अर्जाचा अर्धा पुरावा आहे. उलट कड कोरी असेल तर ते बाजारातून घेतलेलंही असू शकतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारी पदक वेळेवर हातात येत नाही म्हणून कित्येक जवान दुकानातून घेऊन परेडला लावतात. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात अशी दुकानंच आहेत. हक्क खरा आणि धातू बाजारातला, असं होऊ शकतं.

कागदच नसेल तर

पेन्शन न मिळालेल्या, म्हणजे कमी वर्षं नोकरी करून आलेल्या जवानांचे कागद निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात. तसा नियमच आहे. कायम राहते ती फक्त 'लाँग रोल' नावाची नोंदवही : एका माणसाला एक ओळ. भरती कधी, सुटका कधी, कारण काय. साहित्य शिकणाऱ्या मुलीला हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं, एवढंच म्हणते.

निदान आपल्याकडे नष्ट करायला नियम तरी आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची बहुतेक कागदपत्रं सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा जळाली. जी अर्धवट जळून उरली त्यांना तिथे आजही 'बर्न्ट डॉक्युमेंट्स' म्हणतात. अमेरिकेत सेंट लुइसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली गेल्या. तिथले माजी सैनिक आजही पगाराच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, सोबत्यांची पत्रं जोडून स्वतःची सेवा पुन्हा सिद्ध करतात. आपल्याकडेही तोच मार्ग राहतो : युनिटची जुनी पत्रं, ग्रुप फोटो, हॉस्पिटलचा कागद, त्याच तुकडीतल्या हयात सोबत्याचं शपथपत्र. युनिटच्या युद्ध-दैनंदिन्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे असतात. २०२१च्या धोरणाप्रमाणे साधारण पंचवीस वर्षांनी त्या खुल्या व्हायला हव्यात, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाने तिथवर पोचावं ही अपेक्षा मला तरी अवघड वाटते.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला, किंवा सहा महिने उत्तरच दिलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. कायदा २००७चा, काम सुरू झालं २००९मध्ये. तेलंगणातला माणूस चेन्नईच्या खंडपीठाकडे जातो, महाराष्ट्रातला मुंबईच्या. पैनगंगा ओलांडली की कोर्ट बदलतं. या न्यायाधिकरणाने पदकांहून मोठी दुरुस्तीसुद्धा केली आहे. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणाऱ्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांची कामगिरी वरिष्ठाच्या अहवालात कमी करून दाखवली गेली, असं मे २०१०मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलं आणि युद्धाची अधिकृत नोंद सुधारायला सांगितलं. पण ते ब्रिगेडियर होते, वकील करू शकत होते. आजोबांना मी चेन्नईचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "येवढ्या लांब मी आता फक्त वर जाईन."

दुरुस्ती म्हणजे खोडणं नाही, हे मला आमच्या चर्चमुळे लवकर कळलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येकाची एक ओळ असते. पुढे त्या माणसाचं दृढीकरण झालं, लग्न झालं, की फादर ती गोष्ट त्याच ओळीच्या समासात लिहितात. मूळ ओळीला हात लावत नाहीत. रेकॉर्ड ऑफिसही तसंच करतं. जुना कागद तसाच राहतो, नवा पार्ट टू ऑर्डर निघतो आणि त्याचा क्रमांक व तारीख शेजारी येते. म्हणून दुरुस्तीनंतर नुसत्या 'झालं' या शब्दावर समाधान न मानता तो आदेश क्रमांक मागून घ्यावा.

आजोबांचं काय झालं

आजोबांचा धाकटा मुलगा सुरुवातीला वैतागला होता. "यातून पैसा तर येनार नाही, मंग कायले खटाटोप?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शौर्य पदकाला मासिक भत्ता असतो, आणि तेलंगणात इंजिनियरिंग-मेडिकलच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी जो 'कॅप' कोटा आहे त्यात शौर्य पदकवाल्यांना वरचा क्रम मिळतो. मोहिमेच्या पदकाने यातलं काहीच मिळत नाही. पश्चिमी स्टार म्हणजे रिबिनीला लटकलेला एक तारा, बाकी शून्य. आजोबांनी मुलाला उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "तू लिव."

जुलैमध्ये रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला. नोव्हेंबरात उत्तर आलं. संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार, दोन्ही त्यांच्या शीट रोलवर आहेत! आदेश क्रमांक आणि तारखेसह. डिस्चार्ज बुकात उतरवायचं तेवढं राहून गेलं होतं. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं कागदाला माहीत होतं, फक्त आजोबांना माहीत नव्हतं.

पण त्यांचा तिसरा दावाही होता. लढाईनंतर कंपनी कमांडरने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझं नाव सेना मेडलसाठी पाठवलंय. आजोबांनी ते गावात पन्नास वर्षं सांगितलं. सांगता सांगता 'पाठवलं' याचं 'मिळालं' कधी झालं, ते त्यांनाही कळलं नसेल. १५ ऑगस्टला शाळेत त्यांची ओळख 'सेना मेडल विजेते' अशी करून देतात. मी १९७२ ते १९७४ची स्कॅन केलेली जुनी राजपत्रं रात्री बसून चाळली. सेना मेडलच्या याद्यांत नंबर, हुद्दा, नाव, सगळं छापलेलं असतं. त्यांचा नंबर कुठेच नव्हता. उत्तराच्या पत्रातही त्याचा उल्लेख नव्हता.

शिफारस आणि पुरस्कार यांच्यात बऱ्याच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर नावं गळतात. यात कुणी फसवलं असं नसतं. मान्यता उशिरा मिळू शकते हेही खरं : सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले, १९७२मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले, आणि पद्मश्री त्यांना २०१८मध्ये मिळाली. पण तो सरकारने नव्याने घेतलेला निर्णय होता. नोंद दुरुस्त करणं म्हणजे जे घडलं ते लिहायला लावणं. जे घडलं नाही ते या मार्गाने लिहिता येत नाही, आणि येऊही नये.

हे आजोबांना सांगायला मी चार दिवस टाळलं. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ डिस्चार्ज बुकाची पानं उलटत बसले. मग म्हणाले, "साहेब खोटं बोलले नसतील." मी म्हटलं, नाही आजोबा, त्यांनी पाठवलं असेल, वर मंजूर झालं नसेल. "मंग शाळेच्या मास्तरले सांगा लागंल," ते म्हणाले. त्यांनी खरंच सांगितलं. मी सोबत गेले होते. मास्तरांना काय बोलावं कळेना, त्यांनी चहा मागवला.

आता एकच काम राहिलंय. दोन्ही पदकांची नोंद चढवण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसने मूळ डिस्चार्ज बुक मागवलं आहे. पदकंही उपलब्धतेनुसार पाठवू असं कळवलं आहे. मूळ पुस्तक पोस्टात टाकायला आजोबा तयारच होत नव्हते. शेवटी प्रत्येक पानाची प्रत काढली, त्यावर साक्षांकन घेतलं, पाकिटाच्या आत आणखी एक पाकीट केलं, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते रवाना झालं. हे लिहिते आहे तोवर परत आलेलं नाही. फोन केला की ते आधी पोस्टमनची वेळ सांगतात आणि मग माझ्या परीक्षेचं विचारतात. ट्रंकेत सध्या झेरॉक्स ठेवली आहे, त्याच कुलपात.